पुढच्या चाकावरचा दिवा

वैमानिकांच्या खोलीत तिला सगळे दिवेमावशी म्हणत. विमान जमिनीवरून धावपट्टीकडे चाललेलं असताना दुसऱ्याला वाट द्यायला थांबलं, की पुढच्या चाकावरचा दिवा विझवायचा, अशी त्यांच्यातली रीत. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येत नाही, आणि ‘मी थांबलोय, तू जा’ हे न बोलता कळतं. बाकीचे कधी विझवत, कधी विसरत. ही विसरली तर शपथ.

घरीही तोच प्रकार. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात सासूबाई समोरून आल्या, की ही भिंतीला चिकटून उभी. मग त्याही थांबत.

“जा गं.”

“नाही आई, तुम्ही या.”

हातातला चहा निवून जाई आणि आतून नवरा ओरडे, “कोणीतरी हला आता!”

कॅप्टनच्या परीक्षेत मागच्या वेळी ती यापायीच नापास झाली होती. “फार थांबता तुम्ही,” एवढाच शेरा. आता ही शेवटची संधी. ती गेली, की जन्मभर उजव्या खुर्चीत, दुसऱ्याची मदतनीस.

त्या सकाळी ती डाव्या खुर्चीत होती आणि उजवीकडे परीक्षक, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. विमानतळावर तोबा गर्दी. दोन वाटा एकमेकींना छेदतात तो चौक जवळ आला, तसा कानात कंट्रोलरचा आवाज आला, “उजवीकडून लाल शेपटीचं येतंय. त्याला जाऊ द्या, मग तुम्ही.”

ती थांबली. दिवा विझवला. लाल शेपटीचं विमान डुलत डुलत समोरून गेलं. तिनं दिवा लावला, ब्रेक सोडणार, तोच त्याच्यामागून आणखी एक आलं. तेही लाल शेपटीचं!

कंट्रोलरनं कुठलं सांगितलं होतं? गेलं ते, की हे? तिनं दिवा विझवला. समोरचाही थांबला आणि त्यानंही विझवला. म्हणजे तो मला जा म्हणतोय. तिनं लावला, तर त्यानंही नेमका तेव्हाच लावला. दोघं हातभर पुढे सरकले, दोघांनी कचकन ब्रेक मारले, आणि दोन्ही दिवे पुन्हा विझले.

थांबावं, तर मागचा शेरा डोक्यावर बसलेला. जावं, तर समोरच्याच्या पंखाला नाक. तिनं परीक्षकांकडे चोरून पाहिलं. ते खिडकीबाहेर गवत बघत होते. यांना माहीत असणार, आपली गंमत बघतायत, असं तिला वाटलं.

मागून आतला फोन वाजला. हवाईसुंदरी होती. “ताई, एक आजोबा विचारतायत, पोचलो का?”

“अजून निघालोही नाही म्हणावं.”

रेडिओवर मागच्या विमानातला कोणीतरी म्हणाला, “पुढे मुक्कामाला आहात का?”

तिचे कान तापले. तिनं ब्रेक पक्का लावला आणि बोलायला फट मिळताच म्हणाली, “मला कळलेलं नाही. दुसऱ्या लाल शेपटीलाही आधी सोडायचं का?”

“दुसरी कुठली?” कंट्रोलरनं विचारलं.

“अहो, मी!” समोरचा वैतागून म्हणाला.

“तुम्ही थांबा. त्या जातील.”

ती गेली.

उड्डाण झालं, उतरणं झालं. विमान जागेवर लागल्यावर परीक्षकांनी हात पुढे केला. “अभिनंदन, कॅप्टन.”

आनंद व्हायच्या आधी तिच्या तोंडून गेलं, “सर, पण चौकात चुकलं का हो माझं?”

परीक्षकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. “खरं सांगू? मला वाटत होतं, त्यानंच आधी जायचंय. म्हणून गप्प बसलो.”

म्हणजे आपण पास कशासाठी झालो, हे काही तिला उमगेना. थांबल्याबद्दल, विचारल्याबद्दल, की नुसतंच?

घरी आली तर बोळात सासूबाई, रिकाम्या हातांनी उभ्या. ती सवयीनं भिंतीला चिकटली. मग सरळच विचारलं, “आई, आधी कोणी जायचं?”

“मला गं कुठं जायचंय?” सासूबाई म्हणाल्या. “तुझीच वाट बघत उभी आहे केव्हाची. झालीस का कॅप्टन?”

“झाले म्हणतायत,” ती म्हणाली.