मागच्या गेटाचं कुलूप

बोईसरच्या एका रसायन कारखान्यात मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गेलो होतो. माझे बाबा तिथेच ड्रम भरायच्या कामावर आहेत. त्या दिवशी स्फोटाचा आणि पुराचा धोका तपासायला एक गृहस्थ आले होते. मॅनेजरांनी मला त्यांच्यासोबत फिरायला सांगितलं. त्यांचं नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

कुठल्याही खोलीत शिरलं की ते आधी मागे वळून दार बघत. मी टाक्यांवरचे आकडे लिहून घेत होतो. ते माणसांशी बोलत होते.

"स्फोट झाला तर कुठे जाल?" त्यांनी बाबांच्या सोबत्याला विचारलं.

"बोर्डावर लिवलंय, पुढच्या गेटापाशी जमायचं," तो म्हणाला. "पन खरं सांगू सायेब? आमी मागच्या गेटानं घरी पळू. पावसात पुढं गुडघाभर पानी असते."

सगळे हसले. बाबाही हसले. ते गृहस्थ मात्र मागच्या गेटाकडे चालू लागले.

कामगार लवकर सटकतात म्हणून त्या गेटाला कायम कुलूप असायचं. खाऱ्या हवेने ते इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना.

"रिपोर्टमध्ये लिहा साहेब, करून घेऊ," मॅनेजर म्हणाले.

"रिपोर्ट उद्याही लिहिता येईल," असं म्हणून ते गृहस्थ गेटासमोरच बसले आणि त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

शेवटी फिटरने करवतीने कुलूप कापलं. बाबा गेटाबाहेर पडले, रस्त्यापर्यंत चालत गेले आणि परत येऊन ड्रम भरू लागले.