काटेवाल्या मामूंची घाऊक माफी

आमच्या मामूंना लग्नाचं आमंत्रण द्यायचं की नाही, यावर गल्लीतल्या प्रत्येक घरात एकदा तरी वाद झालेला आहे. द्यावं, तर ते नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "बेटा, आज पायांनी चाललायस, एक दिवस चौघांच्या खांद्यावरून जाशील." न द्यावं, तर न बोलावता येऊन तेच म्हणणार. नवं घर बांधणाऱ्याला ते कबरीची लांबी-रुंदी सांगत. नवा पलंग घेणाऱ्यालाही तीच सांगत, कारण दुसरं माप त्यांना पाठच नव्हतं. माणसाने मौतीची आठवण ठेवावी हे आमच्या धर्मात सांगितलेलंच आहे, पण ती आठवण दुसऱ्यांना करून देण्याचं कंत्राट मामूंनी कुणाकडून घेतलं होतं, ते कळायला मार्ग नाही.

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे थोरले भाऊ. धंदा काटे दुरुस्तीचा. जिन्याखालच्या बोळकांडीत त्यांचं दुकान. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. भिंतीला दांड्या, साखळ्या आणि पारडी टांगलेली, समोर लाकडी पेटीत पितळी वजनं, ती उचलायला चिमटा. आता सगळीकडे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले, तेही मामू शिकले, पण नाक मुरडत. "आकडा दिसतो, तोल दिसत नाही," म्हणायचे. जुन्या काट्याची दोन्ही पारडी रिकामी असतानाच एक जर खाली जात असेल, तर हलक्या बाजूला शिशाचा एक तुकडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. मामूंच्या पेटीत शेंगदाण्याएवढ्या, मुगाएवढ्या पासंगांची एक डबीच होती. हातात वस्तू घेऊन ते वजन सांगत आणि क्वचितच चुकत. बोलण्याचं वजन मात्र त्यांना कधी कळलं नाही. ते कळतं असंच ते आजवर धरून चालले होते.

कयामतच्या दिवशी प्रत्येकाची कर्मं तराजूत घातली जाणार, त्या तराजूला मीजान म्हणतात. मामू मीजानबद्दल असं बोलत, जणू तोही कधीतरी त्यांच्याकडे दुरुस्तीला येऊन गेलाय. स्वतःची तयारी तर जय्यत. कपाटात वरच्या कप्प्यात कफन, कापूर, अत्तराची कुपी, साबणाची वडी. वर्षातून एकदा कफनाला ऊन दाखवायचे, कसर लागली नाही ना बघायचे. पण तयारी मामूंची आणि मरायचे दुसरेच. शेजारचा वायरमन अचानक गेला, सुट्टीचा दिवस, दुकानं बंद, मामूंचं कफन त्याला दिलं. मग घरमालक गेला. मग समोरचा शिंपी, त्याच्याकडे तर कापड असायला हवं होतं. तीन वेळा मामूंनी नवं कापड आणून ठेवलं. "लोक फार घाई करतात," असं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणाले होते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप झिजलीय, जपून राहा. परीक्षेची तारीख जाहीर झालेल्या हुशार विद्यार्थ्यासारखे मामू घरी आले. दुसऱ्या दिवशी वही घेतली आणि माफीची यादी केली. कारण अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करील, पण माणसांचं काही देणं-दुखवणं असेल तर ते त्या-त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावं लागतं. तिथे वशिला चालत नाही.

तीन दिवस मामू गावभर फिरले. "बोललो-चाललो असेन, माफ करा." फळवाल्याने तोलता तोलताच माफ केलं. दूधवाल्याने सायकलवरून न उतरता केलं. ज्या वाण्याचा काटा त्यांनी भर दुकानात खोटा ठरवला होता, त्यानेही केलं, वर पाणी विचारलं. दवाखान्याच्या बाकावरचा एक माणूस म्हणाला, "केलं माफ, पण तुम्ही कोण?" मामूंनी त्याचंही नाव यादीत लिहून त्यापुढे खूण केली. तीन दिवसांत एवढी माफी जमली की दुसरा कुणी असता तर त्या जोरावर चार नवे गुन्हे केले असते.

घोड्याने पेंड खाल्ली ती आमच्या दारात.

अम्मी पीठ चाळत बसली होती. मामूंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "छोटी, बोललो-चाललो असेन, माफ कर."

अम्मी बासष्ट वर्षांची, पण मामूंना छोटीच. तिने चाळणी थांबवली नाही. "कशाबद्दल, ते सांगा. मग बघू."

मामू हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. मग त्यांच्या लक्षात आलं की चाळणीखेरीज काहीच हलत नाहीये.

इथे मला मागचं सांगायला हवं. बावीस वर्षांपूर्वी नानी, म्हणजे या दोघांची आई, आमच्या घरी वारली. चार वर्षं अंथरुणावर होती. चार वर्षं अम्मीने तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली, चादरी धुतल्या. मामू दर शुक्रवारी यायचे, उशाशी बसून पठण करायचे, डोळे पुसून जायचे. दफन करून माणसं परतली, बैठकीत बसली. कुणीतरी म्हणालं, "या पोरीने आईची सेवा करून जन्नत कमावली." एवढ्यावर गप्प बसतील तर ते मामू कसले? ते म्हणाले, "अहो, आईने आपल्यासाठी जागवलेल्या एका रात्रीपुढे ही चार वर्षं तराजूत टाका. पासंगालाही पुरायची नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. फार मोठी गोष्ट बोलले, असं सगळ्यांना वाटलं. अम्मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे तिथेच खाली ठेवला आणि आत गेली. मी चौदा वर्षांची होते, पेले मी वाटले.

त्या दिवसापासून अम्मी मामूंना 'तू' ऐवजी 'तुम्ही' म्हणायला लागली. बावीस वर्षं मामूंना वाटत राहिलं की बहिणीला उशिरा का होईना, थोरल्या भावाचा मान कळला.

तर मामू घरी गेले आणि आठवायला लागले. दोन दिवसांनी आले. "छोटी, तुझी शाळेची दौत मी फोडली होती आणि मांजरीवर ढकललं होतं."

"ती तुम्ही फोडली होती?" अम्मी म्हणाली. "त्या बिचाऱ्या मांजरीला मी आठ दिवस दूध दिलं नव्हतं. बरं, हे माफ. ते हे नाही."

मग मामू रोज यायला लागले. एक माफ करून घ्यायला यायचे आणि अम्मीला ठाऊकच नसलेली दोन उकरून ठेवून जायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्या मैत्रिणीची पत्रं त्यांनी वाचली होती. तिच्या रेडिओचा आवाज बसला होता तो बिघाड नव्हता, मामू होते. आणि एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "तुझ्यासाठी एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं. मी त्याला म्हटलं, मुलगी तापट आहे."

अम्मीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कसा होता?"

"चष्मा होता."

माझे अब्बा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, तरी माझ्या जन्मावर बेतलेली ती गोष्ट ऐकून मला घाम फुटला. ही माफी मिळायला दोन दिवस लागले. "हे माफ," अम्मी शेवटी म्हणाली. "ते हे नाही."

मी तिला म्हटलं, "सांगून टाक की एकदा. म्हातारा माणूस, हेलपाटे घालतोय."

"मी सांगितलं तर तो माफी मागेल," ती म्हणाली. "माफी काय, तो फळवाल्याचीही मागतो. त्याचं त्याला आठवलं तर त्याला लाज वाटेल. मला ती हवीय. आणि तू मध्ये तोंड घातलंस तर याद राख."

मी तोंड घातलं नाही. तिच्या धाकाने नव्हे. मला मजा वाटत होती, हे खरं कारण. दुसऱ्याला आयुष्यभर हिशेबाचा दिवस दाखवणारा माणूस स्वतः वही घेऊन बसलाय, हे बघायला मला बरं वाटत होतं. याची मला आज लाज वाटते.

आणि मग जे व्हायचं ते मामूंच्या यादीबाहेर झालं. झडप झिजली होती मामूंची, आणि पीठ मळता मळता खाली बसली ती अम्मी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांच्या तोंडात कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. अम्मीच्या तोंडात राहिला तो 'बघू'. पाणी हवंय का? बघू. दुखतंय का? बघू. डॉक्टरांनी विचारलं, आज कोणता वार? छताकडे बघत म्हणाली, बघू.

मी तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करते, सकाळी सात ते दोन. अंग पुसायला एक बाई दोन तास यायची. बाकीचा वेळ मामूंनी दुकान बंद ठेवून स्वतःकडे घेतला. पहिल्या दिवशी पुस्तक घेऊन उशाशी बसले. दुसऱ्या दिवशी कळलं की नुसत्या पठणाने चादर बदलत नाही. आमचं कपडे धुण्याचं यंत्र कुरकुरत होतं, ते मामूंनी दुरुस्तीला घेतलं आणि कायमचं गप्प केलं. मग राहिला हात. झिजलेल्या झडपेचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मोरीत स्टुलावर बसून बहिणीच्या चादरी धुवायला लागला. मी ओरडले, ऐकलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मरायला तर ते कधीपासूनच तयार होते.

सहाव्या आठवड्यात एका सुट्टीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मोरीतून आवाज आला, "पोरी, ही कोरडी असताना पाऊण किलो भरते. ओली चार किलोच्या वर जाते ग."

"जाणारच," मी म्हटलं.

पाण्याचा आवाज थांबला. "आईच्या वेळेला दिवसाला किती चादरी व्हायच्या?"

"दोन. कधी तीन."

मामू तोंडी गुणाकारात पक्के, पण त्यांनी तो केला नाही. मी वाकून बघितलं. अर्धी पिळलेली चादर हातात धरून ते तसेच बसले होते, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. त्यांना आठवलं होतं. ती चादर त्यांनी बादलीत ठेवली आणि ओल्या हातांनी अम्मीच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. योगायोगाने त्याच दारात, जिथे अम्मी तेव्हा पेले घेऊन उभी होती.

मामू पलंगाशी खाली बसले, खुर्ची असताना. "छोटी," ते म्हणाले, "आईला पुरून आलो त्या दिवशी मी चार माणसांत म्हणालो, तुझी चार वर्षं पासंगालाही पुरायची नाहीत. लोकांनी मान डोलवावी म्हणून म्हणालो. मी एक चादरसुद्धा कधी उचलली नव्हती."

अम्मी छताकडे बघत होती. मान वळवायला तिला वेळ लागायचा. तिने ती वळवली, आणि भावाकडे बघत राहिली. नानीच्या दिवसापासून तिला त्याच्याकडे इतका वेळ बघताना मी पाहिलं नव्हतं.

"माफ करशील?"

"बघू," अम्मी म्हणाली.

मामू उठले, मोरीत गेले आणि राहिलेली चादर पिळली.

पंधरा दिवसांनी, दुपारच्या नमाजाच्या आधी, अम्मी गेली. मामू घरी जाऊन कपाटातलं कफन घेऊन आले. मय्यतीला अंघोळ घालायला आलेल्या बाईने घडी उलगडली आणि म्हणाली, "हे पुरुषाचं आहे. तीन कपडे. बाईमाणसाला पाच लागतात." मामू तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं मौतीची तयारी केलेल्या या माणसाच्या घरात बहीण मेली तर काय, याची तयारीच नव्हती. कमी पडलेलं कापड आणायला ते स्वतः धावले, झडपेचा विचार न करता. मला त्या वेळी त्यांच्यावर पहिल्यांदा माया आली.

माणसं आली, गेली. कुणीतरी मामूंना म्हणालं, "शेवटी तुम्ही बहिणीची फार सेवा केलीत." मामूंनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि त्या माणसाला पाणी आणून दिलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते अम्मीच्या खुर्चीत येऊन बसले. वही आणली होती, पण उघडली नाही. "पोरी, खरं सांग. ती काय म्हणाली?"

माझ्याजवळ दोन उत्तरं तयार होती. डॉक्टरांचं, की त्या शब्दाला काही अर्थच नव्हता. आणि दुसरं, की माफ केलं म्हणाली, मी तिची मुलगी, मला तिचं कळतं. दोन्हींपैकी कुठलंही चाललं असतं. पण हा माणूस उद्या तिच्यासमोर तराजूशी उभा राहणार, आणि तिथे माझी साक्ष निघाली तर?

"बघू म्हणाली, मामू."

"हं." त्यांनी वहीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "'नाही' असं तर म्हणाली नाही."