रेलिंगवरची ओली साडी

नदीवरच्या घाटाचं काम आमच्या कंपनीनं वेळेत पूर्ण केलं, ठरल्या पैशात बसवलं आणि नकाशात होतं तसंच केलं. आमच्या धंद्यात हे तीनच प्रश्न विचारतात. तिन्हींची उत्तरं 'हो' आली की साहेब लोक पेढे वाटतात. पेढा मीही खाल्ला. प्रोजेक्ट मॅनेजर मीच, नाही म्हणून सांगते कुणाला? पण घरी आले तरी पाय एका जागी ठरेनात. या खोलीतून त्या खोलीत, गच्चीवर, परत खाली. आई म्हणाली, हिच्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे, काम संपलं तरी ही काही बसायची नाही.

काम संपलं हेच मला पटत नव्हतं. माझ्या लेखी तो घाट आईसाठी होता. हे ऑफिसात बोलायची सोय नाही. सिंहस्थाच्या तयारीतलं सरकारी काम, त्यात माझ्या आईचं काय? पण खुब्याचं ऑपरेशन होईपर्यंत आईनं क्षिप्रेवरचं कार्तिकस्नान कधी चुकवलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्या झिजलेल्या, शेवाळलेल्या पायऱ्या तिला उतरवेनात. दोघांनी धरून नेऊ, असं मी एकदा म्हटलं तर केवढी भडकली.

"मला उचलून एकदाच न्यायचं," ती म्हणाली. "तेव्हा मी काही बोलणार नाही."

त्यामुळे नकाशात रेलिंग आलं तेव्हा मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. पायऱ्या बुटक्या हव्यात, रेलिंग थेट पाण्यात उतरायला हवं, मुठीत मावायला हवं. पाइपचे तुकडे घरी आणून आईला धरायला लावले. शेजारीण रोज विचारायची, ये कबाड़ा काहे को जमा कर रहे हो? आई तुकडे धरून बघायची आणि शांतपणे सांगायची, हा जाड होतो, हा बोचतो, हा बरा. तो बरा म्हणाली तोच घाटावर लागला.

कार्तिक लागला आणि पहिल्याच पहाटे आम्ही दोघी ऑटोनं निघालो. तिनं तांब्या, हळदकुंकू, वाती, सगळं आदल्या दिवशीच पिशवीत भरून ठेवलं होतं. वरच्या पायरीशी येऊन तिनं रेलिंगकडे हात नेला आणि मागे घेतला. रेलिंग दिसतच नव्हतं. वरपासून पाण्यापर्यंत धोतरं, साड्या, परकर, पंचे, सगळे पिळून वाळत घातलेले. मी चिडून एक धोतर बाजूला सारायला गेले.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "कुणाचं सोवळं असेल. पुन्हा धुवावं लागेल त्यांना."

झालं. ती वरच थांबली. मला तांब्यात पाणी आणायला लावलं, डोळ्यांना लावलं, नदीला नमस्कार केला आणि वळली. परतताना ऑटोत मेथी किती महाग झालीय याबद्दल बोलत राहिली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणावर काढायचा? लोक बिचारे दूरदूरहून येतात, ओले कपडे काय डोक्यावर ठेवणार? घरी आले तर आमच्या बाल्कनीच्या रेलिंगवर आईचीच साडी वाळत होती. काखेत कळसा आणि मी नकाशांच्या गावाला वळसा घालून आले होते.

ऑफिसात साहेबांना म्हटलं, घाटावर दोन खांब घालून दोऱ्या बांधू. ते म्हणाले, मॅडम, वो स्कोप में नहीं था, प्रोजेक्ट तो क्लोज हो गया. माणूस वाईट नाही. मी विचारलं, म्हातारी पाण्यापर्यंत पोचली का, हे कुठल्या रकान्यात लिहितात? ते हसले, चाय मागवली आणि म्हणाले, असा रकाना नसतो. नसतो, हे मलाही ठाऊक होतं. तरी ती चाय तशीच ठेवून मी उठले.

मग रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी घाटावर. नुसती उभी राहून रेलिंगकडे बघायची. पंड्यांना वाटायचं, मॅडम तपासणीला आल्या. इकडे कार्तिक सरत चाललेला आणि आई काही मागत नव्हती, ते तर फारच जाचत होतं. शेवटी देवास गेटच्या बाजारातून जाड नायलॉनची दोरी घेतली आणि एका पंड्याला विनवून त्याच्या छत्रीच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत बांधली. त्यानं विचारलं, परमिशन है? म्हटलं, मैं ही परमिशन हूँ. दुपारपर्यंत दोरी भरली आणि रेलिंग मोकळं झालं.

दुसऱ्या पहाटे आई उतरली. एक पायरी, थांबली. दुसरी पायरी, थांबली. मी मागे दोन्ही हात पसरून, पण तिला न शिवता. पाणी गुडघ्यांना लागलं, तशी ती रेलिंग धरून वाकली आणि डोक्यावरून तांब्या ओतला. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या तोंडावरचं हसू मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

वर येऊन तिनं कपडे बदलले, भैरवगढच्या ठसेकामाची आपली लाल साडी पिळली आणि दोरीकडे बघितलं. दोरीवर जागा नव्हती. मग तिनं साडी झटकली आणि रेलिंगवर पसरून दिली, काठ नीट सारखे केले. आजच्या दिवशी तिला काय बोलायचं?

तेवढ्यात खेड्याकडची एक म्हातारी पायऱ्यांशी आली. तिनं रेलिंगकडे हात नेला, ओली साडी बघितली आणि हात मागे घेतला.

आईनं ते बघितलं. ओठ घट्ट मिटले, पुढे झाली, साडी ओढून काढली आणि तशीच ओली खांद्यावर टाकली. म्हातारी पाण्यापर्यंत पोचेपर्यंत आई जागची हलली नाही. कोरडं लुगडं भिजून तिच्या पाठीवरून पाणी वाहत होतं.

ऑटोत साडीचा लाल रंग माझ्या कुर्त्याला लागला. आई तो डाग बोटानं चोळत राहिली.

"काम संपलं म्हणालीस ना?" ती म्हणाली. "उद्या येताना अजून एक दोरी घे."