लाल मातीवर लाल बंडी

"कप खाली ठेव. तिथंच. आता आणखी कशाला हात लावू नकोस."

ओव्हरसियर हे बोलला तेव्हा माझ्या अंगात कोरी पिवळी बंडी होती आणि तोंडात साहेबांचा चहा. गिळावा तर चोरी, थुंकावा तर ओसरी घाण. गाल फुगवून तसाच उभा राहिलो. एरवी मी असं तोंड केलं की माणसं पोट धरून हसायची. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आमची टोळी हातखंब्याच्या अलीकडं रस्त्याच्या कामावर होती. बाया खडी वाहायच्या, बापये पसरायचे. मी सातवी पास. आमच्या म्हारवाडीतला पहिला. त्या शिक्षणाच्या जोरावर मला घमेलं मिळालं. हात घमेल्याला, तोंड मोकळं. चढाला लागलेली लॉरी काढायचो, ओव्हरसियरचं शिंकरणं काढायचो, शाळेतल्या मास्तरांचं नाकातलं बोलणं तर असं काढायचो की बाया खडीच्या ढिगावर बसून डोळे पुसायच्या. सगळे मला नकल्या म्हणायचे. मला बरं वाटायचं. दुसरं काही म्हणण्यापेक्षा नकल्या बरं.

रस्ता जांभ्याचा, लाल मातीचा. दुपारपर्यंत सगळे तांबडे व्हायचो. केस, पापण्या, लुगडी, सगळं. तशातच आमच्या वाडीतला धोंडूमामा लॉरीखाली सापडला. पाय गेला त्याचा. ड्रायव्हर रडत सांगत होता, "माणूस दिसलाच नाय ओ. मला वाटलं मातीच हलली."

म्हणून साहेबांनी ठरवलं, कामावरच्या माणसांना लांबून दिसतील अशा रंगाच्या बंड्या द्यायच्या. साहेब नवे होते, पुण्याकडचे. त्यांनी चार बंड्या शिवून आणल्या. पांढरी, खाकी, लाल, पिवळी. साहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवरून रस्ता थेट वळणापर्यंत दिसायचा. एकेक बंडी घालून कुणीतरी वळणावर उभं राहायचं आणि साहेबांनी बघायचं. ओव्हरसियर त्या सकाळी गावात गेलेला. साहेबांनी स्वतःच मला हाक मारली. मी हसरा दिसलो असेन.

पांढरी घातली. दोन लॉऱ्या धुरळा उडवत गेल्या आणि पांढरीची तांबडी झाली. खाकी घातली तर मी आंब्याचं खोड झालो. मग लाल. वळणावर जाऊन उभा राहिलो. साहेब ओरडले, "अरे, गेलास कुठं?" मी दोन्ही हात हलवले, उड्या मारल्या. साहेबांच्या बाई ओसरीवर हसत होत्या. "अहो, तुमचा माणूस मातीनं खाल्ला!"

शेवटी पिवळी.

"दिसला!" साहेब म्हणाले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "हळद लागलेला नवरदेव वाटतोय अगदी."

मी परत येताना नवरदेवासारखाच आलो. मान खाली, लाजत, मुंडावळ्या सावरत. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी मला ओसरीवरच्या बाकावर बसवलं. आणखी काय येतं, म्हणाले. मी मास्तर काढले. नाकातून, शुद्ध, प्रत्येक शब्दावर जोर देऊन. बाई म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमचे काकाच!" आणि आत जाऊन चहा घेऊन आल्या. कपबशीतून. बशीवर निळी फुलं होती.

माझी जात कुणी विचारली नाही. मला वाटलं, विचारत नाहीत म्हणजे यांच्यातलं ते संपलं असेल.

तेवढ्यात ओव्हरसियरची सायकल आली. त्यानं बाकावर मला बघितलं. साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. बाई उठून आत गेल्या. मग ते कपाचं.

साहेब माझ्याकडं न बघता ओव्हरसियरला म्हणाले, "मी मानत नाही हो असलं काही. पण आमचा आचारी काम सोडून जाईल."

ओव्हरसियरचा चढलेला आवाज ऐकून खालच्या ढिगावरून आई आली. डोक्यावर घमेलं तसंच. काय झालं ते तिला कुणी सांगायला लागलं नाही. मी कुठं उभा आहे ते बघूनच तिला कळलं. घमेलं उतरवून तिनं कपाळ जमिनीला लावलं.

"चुकलं सायबानू. पोर हाय. तेला अक्कल नाय."

मी बसलो होतो तो बाक पुसायला ती पदर घेऊन पुढं झाली. ओव्हरसियर ओरडला, "तू नको! तू आणखी बाटवशील."

आई पदर हातात धरून तिथंच राहिली. मी तोंडातला चहा कधी गिळला आठवत नाही.

त्या वेळी मला साहेबांची लाज वाटली नाही. ओव्हरसियरची नाही. आईची वाटली. तिच्या मातकट लुगड्याची, तिच्या हाय-नायची, कपाळाला लागलेल्या मातीची. आत्ता मी नाकातून बोलत होतो, आणि ही माझी आई. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगताना अजून मान खाली जाते.

बंड्यांचं तिथंच ठरलं. आमच्यासमोरच. आम्ही म्हणजे खडीच, आमच्यासमोर बोलायला काय हरकत!

ओव्हरसियर म्हणाला, "पिवळी चांगली दिसते, पिवळीच घेऊ. पण सगळ्यांना एकच रंग नको साहेब. काढून ठेवताना मिसळल्या तर टोळीतले कुळवाडी बाटलो म्हणून काम टाकून जातील. यांचा रंग वेगळा ठेवू. पाणीवालीलाही बरं पडेल. लांबून कळेल, कुणाला तांब्या द्यायचा आणि कुणाच्या ओंजळीत वरून ओतायचं."

"मग यांना कुठला?"

"बावट्याचं लाल कापड गोदामात पडून आहे."

साहेबांनी रस्त्याकडं बघितलं. वळणाकडं. मी जिथं उड्या मारत होतो आणि दिसत नव्हतो, तिथंच. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं. तसं करा."

सोमवारी बंड्या आल्या. पिवळ्या टेबलावर. लाल गोणपाटावर, खाली. साहेब आपल्या गाडीत बसून बघत होते. कुळवाड्यांनी बंड्या घेतल्या, आमच्यातल्यांनीही वाकून घेतल्या. आईनं घेतली, घातली. माझी पाळी आली.

"ये रे नकल्या," ओव्हरसियर म्हणाला. "आधी मास्तर काढून दाखव. मग घे."

माणसं आधीच हसायला लागली. मास्तर येईनात. मी म्हटलं, "लाल दिसत नाय."

"काय?"

"लाल दिसत नाय. सायबानी बघितलंय. धोंडूमामाचा पाय गेला म्हणून बंड्या आल्या ना? मंग आमालाच न दिसणारी का?"

मागून एक कुळवाडी ओरडला, "नवरदेवाला पिवळीच पायजे!" गावभर झालं होतं तर.

ओव्हरसियर म्हणाला, "फुकट मिळतंय ते गप घाल."

मी गोणपाटाला हात लावला नाही. आई माझ्याजवळ आली, हळू बोलली. "घाल रे बाबा. चूल तुझ्या तोंडानं पेटत नाय." घमेलं उचलून ती वळणाकडं चालायला लागली. मी बघत राहिलो. थोडी पुढं गेली आणि मातीत मिसळली. केस तांबडे, लुगडं तांबडं, बंडी तांबडी, रस्ता तांबडा. नुसतं घमेलं हवेत चाललेलं.

खालून चढाला लॉरीचा आवाज आला. ही नक्कल नव्हती.

मी धावलो. आईच्या पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध बसलो आणि दोन्ही हात वर केले. ब्रेक करकचले. लॉरीच्या तोंडाची धग माझ्या तोंडावर आली.

ड्रायव्हर वाकून ओरडला, "मरायचंय काय रे मेल्या?"

"नाय," मी म्हटलं. "म्हणून तर बसलोय."

मागं आणखी एक लॉरी थांबली. मग एस.टी. थांबली, लोक उतरले. ओव्हरसियरनं शिव्या दिल्या, आईवरून दिल्या. मी उठलो नाही. मग साहेब गाडीतून उतरून आले. चार हात लांब उभे राहिले.

"हे बघ, तू शिकलेला आहेस. तुला पिवळी देतो. ऊठ."

"आणि आयेला?"

"तिलाही देतो. झालं?"

आई मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, "घे रे पोरा. देतायत तर घे."

"आणि बाकीच्यांना?"

साहेबांनी ओव्हरसियरकडं बघितलं. ओव्हरसियर म्हणाला, "बाकीच्यांचं तुला काय करायचंय?"

मी आमच्या माणसांकडं बघितलं. लाल बंड्या घालून ती कडेला उभी होती. कुणी पुढं आलं नाही. एकानं तर मान फिरवली. आई हात जोडत होती, त्यांना की मला, कळत नव्हतं. मला कळत होतं ते एवढंच, की आता उठलो तर सगळा जन्म असाच कुणाच्या तरी मर्जीनं बसत-उठत जाईल.

"माझं नाव कापा," मी म्हटलं. "पोलीस बोलवा. उचलून फेका. उद्या परत येऊन हितंच बसेन. आमच्यातली एक जरी बाई या रस्त्यावर लाल बंडीत असली, तर त्या दिवशी या वळणावरनं चाक पुढं जाणार नाय."