तीन तारा चढल्या, खुंट्या जागेवर

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वानऊ ते दुपारी बारा चाळीस या वेळात, शिरूरमधल्या आमच्या घरात, कुलूप लावलेल्या कपाटात ठेवलेल्या गिटारच्या सहापैकी तीन तारा एक-एक स्वर चढल्या. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. घरात कोणी नव्हतं.

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर काम केलं. भानामतीच्या, आपोआप पेटणाऱ्या कपड्यांच्या बातम्या यायच्या. त्यात ‘असा दावा ग्रामस्थांनी केला’ एवढं घालायचं आणि पान सोडायचं. इथेही तीच सवय ठेवते आहे. जे मी स्वतः मोजलं तेवढंच मोजलं म्हणून सांगते, बाकीचं कोण म्हणालं ते नावानिशी.

निवृत्तीनंतर मी गिटार शिकायला लागले. दर मंगळवारी एसटीने दौंडला, विल्सन सरांकडे. सर रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. चर्चमध्ये चाळीस वर्षं साथ करायचे. मला ‘पत्रकारबाई’ म्हणायचे. शिकवण्यापेक्षा गिटारची निगा राखायला जास्त लावायचे... तारा पुसा, फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेची घाण काढा, केस, म्हणजे गिटारची पेटी, बंद करण्याआधी हात फिरवा. माझ्याकडे स्वतःच्या दोन गिटार झाल्या त्या त्यांच्यामुळेच.

आदल्या सप्टेंबरमध्ये सरांना पक्षाघात झाला. बोलणं परत आलं, चालणं काठीवर आलं. डावा हात आला नाही. गिटारवर सूर धरतो तो डावा हात. उजवा फक्त छेडतो. डिसेंबरात त्यांनी पत्नीकडून, म्हणजे रूथताईंकडून, मला फोन करवला आणि स्वतःची गिटार घेऊन जायला सांगितलं. मी नको म्हणत होते.

“न्या ओ,” सर म्हणाले. “भिंतीवर टांगलीय, दिवसभर माझ्याकडं बघत बसती. मला न्हाई सहन होत.”

ती गिटार मी शिरूरला आणली. नव्या तारा चढवल्या, दोन आठवडे त्या बसू दिल्या, रोज जुळवली. आणि मग तो मंगळवार.

ज्यांनी वाद्य हाताळलं नसेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. तार उतरते. नवी असेल तर ताणते, जुनी असेल तर सैल पडते. म्हणून दर वेळी खुंटी पिळून ती चढवावी लागते. गिटार उतरलेली सापडली असती तर मी हे लिहिलं नसतं. ही चढलेली होती — दुसरी, तिसरी आणि चौथी तार, प्रत्येकी बरोबर एक स्वर वर. पहिली, पाचवी, सहावी जिथल्या तिथे. फोनवरचा ट्यूनर आणि खुंट्यांच्या पट्टीला लावायचा चिमट्याचा ट्यूनर, दोन्ही तेच दाखवत होते.

मी ती खाली आणली. नेहमीच्या सुरांत जुळवून परत ठेवली. गुरुवारी पुन्हा तेच. शनिवारी पुन्हा. मी प्रत्येक वेळी दुरुस्त केली, जशी टेबलावर आलेली चुकीची बातमी दुरुस्त करत असे. चूक दिसली की हात थांबत नाही. पण एक गोष्ट तेव्हाच वहीत लिहिलेली आहे — “सुरातून सुटलेली गिटार छेडली की कानाला बोचते. ही बोचत नाही.” लिहिलं, आणि पुढे गेले.

माझे पती सुधाकर रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते.

“तूच पिळत असशील, आन् विसरत असशील,” ते म्हणाले.

“तीनच तारा? दर वेळी त्याच? तेवढ्याच?”

“विसरणारा माणूस बी पद्धतशीर असू शकतो. आमच्याकडं एक सुपरवायझर व्हता...”

सुपरवायझर बाजूला ठेवून त्यांनी पिवळा रंग आणला. कारखान्यात नट घट्ट केला की नटावरून खालच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तशा रेघा त्यांनी सहाही खुंट्यांवर ओढल्या. कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि आम्ही दोघे तळेगाव ढमढेऱ्याला एका लग्नाला गेलो. तीन तासांनी परत आलो. कुलूप त्यांनीच उघडलं.

रेघा एकसंध होत्या. तारा चढलेल्या होत्या.

सुधाकरांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. “मार्क हललेला न्हाई,” ते म्हणाले. “म्हंजी खुंटी फिरली न्हाई. मग माल पास करायचा का रिजेक्ट, सांग तूच.” त्यानंतर त्यांनी मला विसराळू म्हटलेलं नाही.

मी रेघांचे फोटो काढले, मग त्या खरवडून गिटार पुन्हा नेहमीच्या सुरात आणली.

त्याच आठवड्यात रूथताईंचा फोन आला. सरांनी व्यायाम बंद केला होता. खांदा हलवा, हात टेबलावरून पुढे-मागे सरकवा एवढंच फिजिओथेरपिस्टचं सांगणं होतं. थेरपिस्ट सांगून सांगून थकले. पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार संपले होते.

“हाताला लाकूड म्हंतात,” रूथताई म्हणाल्या. “लाकडाला कसला व्यायाम द्यायचा, म्हंतात. तुम्ही येऊन जा ना एकदा. तुमच्यावर चिडायला त्यांना बरं वाटतं.”

मी जायचं ठरवलं. गिटार सोबत घेतली ती त्यांना वाजवायला म्हणून नव्हे. हिला काय झालंय हे सांगू शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. निघताना दोन्ही ट्यूनरवर तपासली. नेहमीचे सूर.

एसटीत गिटार मी शेजारच्या रिकाम्या सीटवर उभी केली. कंडक्टर आला.

“मावशी, तुमचं हाफ तिकीट. हिचं काय करायचं? बाई हाय का बाप्या?”

“गिटार. बाईच म्हणा.”

“मग हिचं बी हाफ. पर सीट मागितली कुणी तर उठवायचं हिला, काय?”

मागच्या सीटवरचे एक आजोबा खो खो हसले. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी सरपटत राहिली. केस माझ्या नजरेसमोर होती. ती मी वाटेत उघडली नाही, दुसऱ्या कुणीही उघडली नाही.

सर खिडकीपाशी खुर्चीत होते. डावा हात मांडीवर उताणा. केस पाहिली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

“इथं कशाला आणली?”

“सर, ही सुरात राहत नाही.”

“तार उतरली असंल. तुम्ही तारा ताणून घेत न्हाई, हज्जारदा सांगितलंय.”

“उतरली नाही. चढते.”

“तार चढत न्हाई, पत्रकारबाई.”

“म्हणूनच आणली.”

त्यांनी मान वळवली. मी केस उघडून, खुंट्यांना हात न लावता, सहाही तारांवरून अंगठा फिरवला. त्याच तीन पुन्हा चढल्या होत्या. सरांनी मान तिरकी करून कान दिला. बाहेर रेल्वेच्या डब्यांच्या शंटिंगचा आवाज चालू होता.

“परत,” ते म्हणाले.

मी परत छेडली.

“डावा हात लावलाय का तुम्ही?”

“नाही.”

“दाखवा.”

मी डावा हात वर करून दाखवला आणि तिसऱ्यांदा छेडली. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. त्या तीन तारा चढल्या की सहाही मोकळ्या तारा मिळून एक पूर्ण मेळ, म्हणजे कॉर्ड, होतो, ज्यासाठी एरवी डाव्या हाताची बोटं लागतात. तो मेळ मी घरी चार वेळा ऐकला होता आणि चार वेळा पुसला होता.

“आडवी ठेवा,” सर म्हणाले. “मांडीवर. रूथ, उशी दे.”

गिटार त्यांच्या मांडीवर उताणी ठेवली. त्यांनी उजव्या अंगठ्याने एकदा छेडली. मग उजव्या हाताने डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि तारांवर टाकला. आवाज मेला.

“वजन पायजे. लोखंड. रूथ, माझ्या टूलबॉक्समधला लांब सॉकेट आण. चोवीसचा.”

“आता नट खोलणार का गिटारचे?” रूथताई म्हणाल्या, पण उठल्या. सॉकेट म्हणजे पान्याला लावायची पोलादी नळी. ती त्यांनी क्रेप बँडेजने सरांच्या डाव्या तळव्याखाली बांधली. नळी बोटांच्या जागी सहाही तारांवर आडवी टेकली. सर हात सरकवायला लागले. बोटं हलत नव्हती, मनगट हलत नव्हतं. खांदा हलत होता. पाचव्या फ्रेटवर एक ठिपका असतो, सातव्यावर दुसरा. पाचव्यापर्यंत पोचायला त्यांना पहिल्यांदा किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. पोचल्यावर त्यांनी उजव्याने छेडलं. खडखडाट झाला, पण त्यातून दुसरा मेळ निघाला. सातव्यावर तिसरा. कपाळावरून घाम ओघळत होता.

“तीन मेळावर आपली निम्मी गीतं बसत्यात,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कुणीच नाही.”

“मी बी न्हाई शिकवलं. मी असली कवाच लावली न्हाई.”

रूथताई दारात उभ्या होत्या. “रोज देवाकडं हात मागत व्हते,” त्या म्हणाल्या. “त्यानं तारा दिल्या. त्याला ऐकायला कमी येतं का काय कोण जाणे.” आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्या दिवशी सरांनी एक तास दहा मिनिटं हात सरकवला. फिजिओथेरपिस्टने दिवसाला वीस मिनिटं सांगितली होती.

गिटार मी तिथेच ठेवली. नळी टेकली की तारा फ्रेटवर आदळत होत्या. सुधाकरांनी दौंडला येऊन पितळेची बारीक पट्टी घासून तारांखाली बसवली, तारा उचलल्या गेल्या आणि खडखड थांबली. तेव्हापासून तारा आपोआप चढल्याची नोंद नाही. माझ्या वहीतही नाही, रूथताईंच्या सांगण्यातही नाही.

पुण्यात गिटार दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला मी वही दाखवली. हवेत ओल आली तर लाकूड फुगून तारा थोड्या चढू शकतात, असं ते म्हणाले. पण मग सगळ्याच चढतील, आणि किंचितच चढतील. खुंटी न फिरता निवडक तीन तारा एक-एक स्वर चढणं शक्य नाही. “तुमची वही चुकली असेल,” ते म्हणाले. असेलही... पण पिवळ्या रेघांचे फोटो माझ्याकडे आहेत, आणि त्यावर सुधाकरांची सही आहे. याहून जास्त मला सांगता येत नाही. खुलासा मिळालेला नाही.

मार्चमध्ये सरांचा डावा अंगठा तळव्याकडे वळला. ही नोंद फिजिओथेरपिस्टची आहे. जूनमध्ये बँडेज सुटलं, सॉकेट ते अंगठा आणि दोन बोटांत धरायला लागले. पकड सैल आहे, अधूनमधून निसटते.

गेल्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये दुसऱ्या गीताला विल्सन सरांनी साथ केली. मी शेवटून तिसऱ्या बाकावर होते. गीताला चार कडवी होती. तिसऱ्या कडव्यात सॉकेट खाली पडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तो उचलून दिला, तोवर मंडळी गात राहिली. चौथं कडवं सरांनी पूर्ण वाजवलं.