सात तुकड्यांचं पुस्तक

टेंभुर्णीच्या वाचनालयाचे ग्रंथपाल कचरूभाऊ थकले होते, आणि ते पुस्तकं उचलून नव्हे, निवडून. गावाच्या वाचक मंडळासाठी दर महिन्याला एक कादंबरी नाहीतर एक आत्मचरित्र, असं त्यांनी अकरा वर्षं निवडलं होतं. मुलीसाठी स्थळं बघणारा बापसुद्धा इतका झिजत नाही. त्याला निदान एकदा होकार येतो.

मंडळात माणसं सात. निवृत्त ग्रामसेवक तातेराव यांना आत्मचरित्रच हवं, तेही एखाद्या साहेबाचं. स्वतःचं लिहायचं त्यांच्या मनात होतं आणि लोक सुरुवात कुठून करतात ते बघायचं होतं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या दैवशालाची अट अशी, की पुस्तकात कुणी मरू नये. "गिरणीत रडलं की तोंडाची कणीक होती, भाऊ," ती म्हणायची. बाकीच्यांची मागणी एकच, पुस्तक पातळ पाहिजे. साहेब आहे, कुणी मरत नाही आणि पातळ आहे, असं पुस्तक कुणी लिहिल्याचं कचरूभाऊंच्या ऐकिवात नव्हतं. रेल्वेचं वेळापत्रक त्यातल्या त्यात जवळचं होतं, पण त्यात साहेब नव्हता.

त्यात पुस्तकाची प्रत एकच. माणसं सात आणि प्रत एक, यावर मंडळानं पहिल्याच वर्षी तोडगा काढला होता. सामाईक विहिरीचं पाणी भावाभावांत पाळीनं फिरतं, तसं पुस्तक फिरवायचं. कचरूभाऊ ब्लेडनं पुस्तकाचा कणा उसवत, त्याचे सात तुकडे करत, प्रत्येक तुकडा दाभणानं शिवून त्याला पुठ्ठा लावत आणि पुठ्ठ्यावर फक्त आकडा टाकत. एक तुकडा चार दिवस ठेवायचा, मग शेजारच्याला द्यायचा. महिनाअखेर सगळे तुकडे पुन्हा जोडून कपाटात. हे नियमात बसत नव्हतं, पण नियमांचं पुस्तक आजवर कुणी मागायला आलं नव्हतं.

अठ्ठावीस दिवसांत सगळ्यांचं सगळं वाचून होई, फक्त प्रत्येकाची सुरुवात वेगळी. नायक तातेरावांकडे जन्माला येई, तेव्हा दैवशालाकडे त्याचं लग्न लागत असे आणि तिसऱ्याच कुणाकडे त्याचा दहावा उरकलेला असे. रहस्याची कादंबरी तर निवडायचीच सोय नव्हती. सातवा तुकडा ज्याच्याकडे जाई, तो पहिल्याच संध्याकाळी दळण आणायला जाऊन खुनी कोण ते सांगून टाकी. त्यामानानं आत्मचरित्र बरं. त्यात कुठूनही शिरता येतं आणि माणूस लिहीपर्यंत जिवंत होता, एवढी खात्री असते.

यंदा मात्र कचरूभाऊंनी ठरवलं होतं की हे काम कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. तातेरावांना विचारलं तर ते म्हणाले, "मी निवडलं तर मंग नावं कुणाला ठेवू?" दैवशालाला गिरणीतून सवड नव्हती. बाकीचे ऐकून हसले आणि चहा मागवला. मंडळ चालवायचं बळ आता कचरूभाऊंत उरलं नव्हतं, आणि आपल्या हातानं ते बंद करावं एवढी छाती नव्हती. वर्षाअखेरपर्यंत कुणी सापडलं नाही, तर मंडळ आपोआप मिटणार, हे त्यांना दिसत होतं.

अशा अवस्थेत त्यांनी दोन पुस्तकं आणली. एक मेंढपाळाच्या पोराची कादंबरी, दुसरं एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरचं आत्मचरित्र. दोन्ही 'मी' म्हणून सांगितलेली, दोन्हीचा आकार एक, अक्षर एक. एक या महिन्याला, दुसरं पुढच्या, म्हणून एकाच दुपारी दोन्ही कापली. शिवता शिवता त्यांना डुलकी लागली. जागे झाले, तुकडे शिवून संपवले आणि वाटून टाकले.

महिनाअखेरच्या रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर सातही जण बसले. तातेरावांनी खिशातून कागद काढला.

"माणूस लई खोल हाय," ते म्हणाले. "मेंढरामागं फिरू फिरू चौथ्या तुकड्यात एकदम साहेब होतो, अन् पाचव्यात पुन्हा मेंढरामागं. ह्याला म्हणतेत प्रयोग."

"चौथ्यात बायकोचं नावपण येगळं हाय," दैवशाला म्हणाली. "मी म्हणलं लग्नात बदललं आसंल."

कचरूभाऊंच्या आता लक्षात आलं. चौथा तुकडा डॉक्टरचा होता. सांगावं तर ओठ हलवायचाही कंटाळा आला होता, आणि चर्चा तर अकरा वर्षांत प्रथमच रंगली होती. तातेराव प्रयोग समजावत होते, दैवशाला बायको एक की दोन यावर भांडत होती. कचरूभाऊंनी चूक पोटातच ठेवली.

तेवढ्यात आसराबाई बोलल्या. वीसेक मेंढरं राखणाऱ्या आसराबाई बावन्नाव्या वर्षी नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकल्या होत्या. अजूनही बोट ठेवून वाचत. बैठकीत बहुतेक वेळा त्या ऐकतच असत.

"चौथ्यातला माणूस दुसरा हाय," त्या म्हणाल्या.

"तोच हाय, मावशी. शिकून सुधरला," तातेराव म्हणाले.

"सुधरू द्या की. तिसऱ्यात हा मेंढीचा ओठ वर करून दात बघतो अन् वय सांगतो. चौथ्यात मालकाला इचारतो, किती वर्षाची हाय म्हणून. पाचव्यात पुन्हा दात बघतो. हात आसं इसरत नसतेत."



"चूक माझी," कचरूभाऊ म्हणाले. "शिवताना डोळा लागल्ता. चौथा तुकडा दुसऱ्या पुस्तकाचा हाय."

तातेरावांनी प्रयोगाचा कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

"मावशी," कचरूभाऊ म्हणाले, "हितून फुडं पुस्तकं तुम्ही निवडा."

"मला आंगठा सोडून पंधरा वर्षंबी न्हाई झाले."

"हे बाकीचे चाळीस वर्षांपासून सह्या करून राह्यले. काय उपेग झाला?"

"निवडीन," आसराबाई म्हणाल्या. "पण कापायच्या आधी अख्खं मी वाचीन. दोनदा."

"दोनदा कशाला?" दैवशालानं विचारलं.

"एकदा मला कळायला. एकदा तुम्हाला कळंल का, ते बघायला."

"म्हंजी दोन दोन महिने बसायचं?" तातेराव म्हणाले. "तवर आम्ही काय करावं?"

"हेच वाचा की. तुमचं खरं चौथं राह्यलंच हाय."

कचरूभाऊ आत जाऊन कपाटातून खरा चौथा तुकडा घेऊन आले आणि तो तातेरावांच्या मांडीवर ठेवला. येत्या वर्षाची आपली यादीही त्यांनी आसराबाईंना दिली. बाजारात दुसऱ्याचं मेंढरू बघावं तशी बाईंनी ती उलटसुलट बघितली. "बघते," म्हणाल्या. म्हणजे बहुतेक नाहीच.

उठता उठता दैवशालानं सवयीनं कचरूभाऊंनाच विचारलं, "भाऊ, मंग फुडचं पुस्तक कोणतं?"

कचरूभाऊंनी नुसती हनुवटी आसराबाईंकडे वळवली आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.