सवडीनं ये

सूनबाईनं मला एआयकडून काम कसं करून घ्यायचं ते शिकवलं, तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि आता कोणी मला काही शिकवावं हेच मुळात मला मानवत नव्हतं. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात मी उभं आयुष्य पत्रांचे मसुदे लिहिण्यात घालवलं. साहेब म्हणायचे, "थोडक्यात लिहा," आणि मी गावभरचा गुंता अर्ध्या पानात बसवून द्यायचो. त्याचा मला भारी अभिमान होता. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्या यंत्राला एका ओळीत हुकूम सोडला, 'मोठ्या बहिणीला माफीचं पत्र लिहून दे.'

पत्र आलं, तेही मी चष्मा पुसेपर्यंत. 'प्रिय ताई, आयुष्याच्या या वळणावर मागे वळून पाहताना मन भरून येते...' आमच्या घरात आजवर कोणाचं मन अशा थाटात भरून आलेलं नाही. शिवाय बहिणीला मी ताई म्हणत नाही, बाई म्हणतो. बाईनं हे वाचलं असतं तर माझ्या तब्येतीची चौकशी करायला तिनं तिच्या मुलाला अमरावतीला धाडलं असतं.

या पत्राचं कारण सांगतो. बाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बार्शीटाकळीला दिलेली. गेल्या दिवाळीत फोनवर मी तिच्या गुडघ्यांची विचारपूस केली, तर ती म्हणाली, "मायच्या शेवटच्या वक्ताले हे पाय पोचले नाईत. त्याचंच भोगून राहिली मी." थट्टेनं नव्हे, ज्वारीला भाव नाही म्हणावं तितक्या साधेपणानं ती हे बोलली. माय जाऊन चाळीस वर्षं झाली. बाई पोचली ती माय गेल्यावर, आणि एवढी वर्षं ती स्वतःला बोल लावत आली होती. चूक तिची नव्हती, माझी होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. फोनवर सांगायला गेलो की मी पाऊसपाण्यावर घसरायचो, म्हणून पत्राची ही खटपट.

सूनबाई एका कॉलेजात शिकवते आणि तिचं बरंचसं काम या एआयवरच चालतं. माझा एका ओळीचा हुकूम पाहून ती हसली. म्हणाली, "मामाजी, त्याले तुमच्या घरचं काय मालूम? तुमी सांगसान तेवढंच त्याले समजन." मग तिनं शेजारी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. पत्र वाचणारं माणूस कोण, त्याला कसं बोललेलं कळतं, पत्र कशासाठी हवं आहे, काय लिहायचं नाही, हे सगळं आधी सांगावं. आपल्या बोलण्याचा एखादा नमुना द्यावा. "अन् शेवटी त्याले असं सांगा, का काही समजलं नाई तर मनानं जोडू नोको, मले विचार." याला प्रॉम्प्ट म्हणतात, असं तिनं सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो, कारण हे सगळं मी लहानपणी आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

आमचं गाव परतवाड्याजवळ. घरी झेंडू, शेवंती आणि वांग्यांची बागायत होती. गावात फोन नव्हता आणि तार आली की उघडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, त्यामुळे वडील सगळे निरोप माणसांकरवी पाठवायचे. परतवाड्याच्या स्टँडवर माल चढवताना अकोल्याकडे जाणारं कोणीतरी भेटायचंच. कधी मेटॅडोरचा ड्रायव्हर, कधी एखादा अगदी अनोळखी प्रवासी. वडील त्याला बाजूला घ्यायचे, हातात दोन वांगी कोंबायचे आणि सुरू व्हायचे.

"अकोल्यावरून बार्शीटाकळीची जीप पकडजो. उतरला का पीठगिरणी इचारजो, गिरणीच्या मांगच्या गल्लीत तिसरं घर. लेकीचं घर हाय माह्या. तिच्या सासूच्या हाती निरोप देजो नोको, सासू चांगली हाय पण इसरते. लेक वावरात गेली असन त थांबजो, पानी पेजो. तिले म्हना, गुरुवारी येऊ नोको, पाहुने हायेत, शनिवारी ये. काहून म्हनलं त सांगजो, का बापानं तुह्यासाठी शेवंतीची रोपं काढून ठेवली. अन् तिनं असं काही इचारलं जे मी तुले सांगतलं नाई, त मनानं सांगू नोको. मालूम नाई म्हनजो."

एवढं झालं की शेवटचा प्रकार. "आता मी काय म्हनलं ते सांग." मग तो मिशीवाला ड्रायव्हर पाढे म्हणावेत तसा निरोप म्हणून दाखवायचा, चुकला की वडील दुरुस्त करायचे, आणि स्टँडवरची माणसं आमच्याकडे पाहून हसायची. मी तेव्हा परतवाड्याला कॉलेजात जात होतो, पँटला इस्त्री करायला लागलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा घरी म्हटलंही की दोन शब्दांच्या कामाला एवढं पुराण कशाला. वडील चिडले नाहीत. "तो परका मानूस हाय," ते म्हणाले. "त्याचं ध्यान चांगलं हाय, नियत चांगली हाय, पण त्याले आपलं काई मालूम नाई. जे त्याले मालूम नाई ते सांगनं आपलं काम." आज त्या स्टँडवर उभं राहून ते पुराण पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी वाटेल ते देईन.

त्या वर्षी वैशाखात मायनं अंथरूण धरलं. आठवड्यात ती इतकी खंगली की डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून काय ते सांगून टाकलं. वडिलांना तिच्याजवळून हलवेना. सकाळी ते मला म्हणाले, स्टँडवर जा, बाईला निरोप धाड, माय जात आहे म्हणावं, निरोप मिळाला की निघ, लेकरू घेऊन ये. "त्याच्याकून म्हनून घेजो," हेही म्हणाले.

स्टँडवर त्या दिवशी माझे दोन वर्गमित्र उभे होते. मेटॅडोर सुटायच्या बेतात होता. त्या पोरांसमोर, गिरणी कुठली, गल्ली कुठली आणि माझी आई मरून राहिली आहे, हे सगळं मोठ्यानं बोलणं माझ्या जिवावर आलं. ड्रायव्हरला घर माहीत होतं, तो आधी दोनदा जाऊन आला होता. मी एवढंच म्हटलं, "बाईले सांगजा, मायची तब्येत बरी नाई, सवडीनं ये." आजच्या आज नाही, सवडीनं. आणि मागे वळून मित्रांमध्ये जाऊन उभा राहिलो.

घरी गेल्यावर वडिलांनी विचारलं, "सगळं सांगतलं ना?" मी म्हटलं, "हो."

निरोप त्याच संध्याकाळी बाईला मिळाला. तिचं पोर चार महिन्यांचं, ऊन मरणाचं, म्हणून तिनं दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी माय गेली. मग तार केली. बाई पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन अंगणात बसलो होतो. निरोपाचे शब्द काय होते ते तिनं कधी काढलं नाही. वडील तिच्याशी वर्षभर धड बोलले नाहीत, आणि मी ते नुसतं पाहत राहिलो. कसा राहिलो ते मला आजही सांगता येणार नाही.

सूनबाई कॉलेजात गेल्यावर मी पुन्हा लॅपटॉप उघडला आणि या खेपेला वडिलांच्या पद्धतीनं लिहायला बसलो. बाई सातवी शिकलेली आहे. तिला प्रिय वगैरे लिहू नकोस. मी तिला तू म्हणतो. वाक्यं लहान ठेव. ती स्वतःला दोषी समजते, ते तिच्या डोक्यातून जावं यासाठी हे पत्र आहे. आम्ही घरी कसे बोलतो त्याच्या पाच-सहा ओळी नमुन्याला दिल्या. पुढे घडलेली हकीगत लिहिली, आणि महत्त्वाच्या जागी आल्यावर बोटांनी आपसूक जुनी नोकरी केली. मी लिहिलं, 'निरोप पोचण्यात दिरंगाई झाली.' इतक्या वर्षांचा मसुदेनवीस, असं वाक्य लिहिताना माझ्या हाताला जराही जड गेलं नाही.

पत्र झकास आलं. त्यात म्हटलं होतं की त्या काळी फोन नव्हते, निरोप माणसांच्या भरवशावर जात, यात ना तुझी चूक ना माझी. मी ते तीनदा वाचलं. खोटं सांगत नाही, मला मोठा आधार वाटला. पण मी प्रॉम्प्टच्या शेवटी सूनबाईनं सांगितलेलं वाक्य घातलेलं होतं, त्यामुळे पत्राखाली एक प्रश्नही आला होता. 'निरोप देताना तुम्ही नेमके कोणते शब्द वापरले होते?'

मी लॅपटॉप बंद केला आणि बाजारात निघून गेलो. घरी मेथी पडलेली असताना आणखी दोन जुड्या घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो आणि उत्तर लिहिलं. ते दोन मित्र, तो मेटॅडोर, ते 'सवडीनं', आणि वडिलांना दिलेलं ते 'हो'. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ते कुठेतरी उमटवलं होतं. मग जे पत्र आलं ते खरं होतं. मी ते स्वतःच्या हातानं कागदावर उतरवलं, चार शब्द बदलले आणि टपालात न टाकता अकोल्याची एसटी धरली.

बाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. समोर वांग्यांचा ढीग, किडकी एकीकडे, बाजाराची एकीकडे. मी कागद पुढे केला. "चष्मा आत हाय, मले उठवत नाई," ती म्हणाली. "तूच वाच."

मी वाचलं. 'सवडीनं' या शब्दाशी अडखळलो, पण शेवटापर्यंत नेलं. ती ऐकत होती आणि वांगी निवडत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मले मालूम हाय तू काय म्हनला होता ते. मेटॅडोरवाल्यानं तसंच सांगतलं. पन मी लेक व्हय ना रे. भाऊ सवडीनं म्हनला तरी लेकीले समजाले पायजे होतं."

इतकं सगळं करूनही ती स्वतःला बोल लावायची थांबली नव्हती. मी कागदाची घडी घातली.

"हे त तुह्यं झालं," ती म्हणाली. "आता मले एक सांग. त्या दोन दिवसांत माय माह्याबद्दल काही म्हने का?"

दीड पानाचा प्रॉम्प्ट आणि एक पानाचं पत्र, त्यात सगळीकडे मीच होतो. मायच्या तोंडचं एक अक्षर त्यात नव्हतं. ते दोन दिवस मी इतके मिटून ठेवले होते की त्यातलं बाईचं काय आहे याचा मी कधी विचारच केला नाही.

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मायचे ओठ ओले करत होतो. रस्त्यावर जीप वाजली. मी म्हटलं, बाई आली असन. मायनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "ऊन लय हाय. लेकरू अंगावर पेतं तिचं. घाई करू नोको म्हना तिले. दिवाळीले आली तवा मी पोटभर पाहून घेतलं तिले."

बाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

"म्हना तिले, असं म्हनली?"

"हो."

"मंग तो निरोप होता," ती म्हणाली. "माह्या नावाचा. सवडीनं म्हनला त्याचं मले काई नाई. हा काहून नाई दिला तुनं?"

मी तिच्या पायाशी बसलो. तिनं वांगं खाली ठेवलं, पदर तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली. माय गेली त्या संध्याकाळी अंगणात सगळे रडत होते, ती रडली नव्हती.